पोचल्याची बातमी

वयनीने ओटीवर येऊन ओचा सोडला आणि आमची पाहुणी फरशीवर ठेवली. पाहुणी मेलेली होती. तिच्या बरोबर वर, भिंतीवरच्या पाटीच्या पडद्यावर, हीच पाहुणी चीनच्या किनाऱ्याजवळ उडत होती. ठोके नीट, चरबी पुरेशी, वारा पाठीमागून. पाटीचा हिरवा दिवा लागलेला होता.

"वन्सं, पायातली पट्टी वाचा," वयनी म्हणाली. "माका चष्म्याबिगर दिसना नाय."

चष्मा तिच्या नाकावरच होता. मी खाली बसले आणि वाचली. पिवळी पट्टी, काळी अक्षरं. पाटीवर कोपऱ्यात असतात तीच. पाखरू सुकून इतकं हलकं झालं होतं की हातात घेतल्यासारखं वाटेना. मला आधी रडू नाही आलं, राग आला. अजून गेलेला नाही.

मी सुगंधा मोंडकर. 'पाहुणी' अभियानाचा मराठी आवाज. रोज दिवेलागणीला लाखो घरांच्या भिंतींवरून मी बोलते आणि कुणाचं पाखरू कुठवर गेलं ते सांगते. नवरा सोडला, मुंबई सोडली आणि मिठबांदला भावाच्या घरात मागची खोली धरून राहिले. बर्फाच्या कारखान्यावरच्या एका खोलीत माझा माइक आहे. आवाज सोडला तर माझ्याकडे विकण्यासारखं दुसरं काही नाही.

पाखराचं पुस्तकातलं नाव ग्रेट नॉट. पाव किलोच्या आतला जीव, सैबेरियात जन्मतो, हिवाळ्याला आमच्या खाडीत येतो आणि खुबे शिंपल्यासकट गिळतो. जगात आता मोजकीच उरली आहेत. ती वाचवा असं सांगणारे फलक आमच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं उभे होते. गावाने त्यांवर सुकट वाळत घातली. मग पाट्या आल्या. प्रत्येक घराला एक पाखरू, आणि त्याचा प्रत्येक श्वास भिंतीवर. पहिल्याच हिवाळ्यात बायकांनी निकाल दिला, की थंडीत येते, पोटभर खुबे खाते आणि चैत्रात जाते, म्हणजे ही माहेरवाशीणच आहे. नाव पडलं खुबेकरीण. चैत्रात पाठवणी व्हायला लागली. हळदकुंकू, नारळ, डोळ्यांना पदर, सगळं साग्रसंगीत.

माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घरातला केर काढायचा नाही, हे आपल्याकडे पुष्कळ घरांत पाळतात. मिठबांदने ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पुळणीलाही लावलं. खुबेकरणी गेल्या की त्या पोचल्याची बातमी येईपर्यंत खुब्यांच्या पुळणीवर कुणी पाय ठेवायचा नाही. अभियानवाल्यांना ही रीत फार आवडली. तिच्यावर लेख आले, इतर किनाऱ्यांनी ती उचलली. यंदा ते रिकामे दिवस भलत्याच कुणाच्या तरी कामी आले.

वयनीने रीत मोडली ती रेशमसाठी. रेशम माझी भाची, पोटुशी, माहेरी आलेली. तिला खुब्यांच्या सुक्याचे डोहाळे लागले होते, आणि वयनीच्या हिशेबात डोहाळ्यापुढे केराबिराचा नियम चालत नाही. दुपारच्या ओहोटीला टोपली घेऊन ती एकटीच पुळणीवर गेली आणि टोपली रिकामीच घेऊन आली.

"खुबो एकव नाय," ती म्हणाली. "सगळो गाळ. गुडघ्याइतको. आणि त्या गाळात ही अशी पाखरा, जागोजाग. पल्याडच्या कडेक थोडी जिती आसत. हाडाडली आसत नुसती, पण चरतत."

एवढ्यात बाबलदादा आला. माझा थोरला भाऊ. खाडीच्या वरच्या अंगाला बंदराचं काम चाललंय, तिथून गाळ भरून बार्ज समुद्रात जातात. खाडीच्या तोंडाशी वाळूचे चढ इतके बदलतात की परक्या माणसाचं काम नाही. दादाची होडी आणि वाडीतल्या आणखी काही होड्या पुढे राहून बार्जना वाट दाखवतात. वाटेच्या खुणेला रोवलेल्या शेवटच्या बांबूपर्यंत न्यायचं आणि मागे फिरायचं. घरातलं अर्धं सामान त्या पैशांचं आहे.

त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"ही आमची न्हय. आमची थंय आसा," तो भिंतीकडे हात करून म्हणाला.

"दादा, पट्टी वाच."

"पट्टी बदलली आसतली कोणी."

पाखरांच्या पायातल्या पट्ट्या बदलत फिरणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. एरवी मी हसले असते. पण दादा थट्टा करत नव्हता. हातभर अंतरावर मेलेलं पाखरू पडलेलं असताना तो भिंतीवर विश्वास ठेवत होता, आणि ती सवय त्याला रोज संध्याकाळी मी लावली होती.

"गाळ खंय टाकतत?" मी विचारलं.

"भायर. खोल दर्यात."

"तू बघलंस?"

तो पाय धुवायला मागच्या दारी गेला. भरतीला पुळण पाण्याखाली असते, तेव्हा तिच्यावर काय ओतलं ते वरून दिसत नाही. पण बार्ज किती वेळात रिकामा होऊन परत येतो ते दिसतं, आणि दादाचा जन्म पाण्यावर गेलाय. त्याला कळलं नसेल हे मला पटेना.

मी पुण्याला डॉक्टर यशोधन केतकरांना फोन लावला. पाहुणी अभियान ही त्यांचीच कल्पना. सज्जन माणूस, हे मी आजही म्हणते. पडद्यावर त्यांना पाखरू दाखवलं.

"सर, हे पाटीत अजून उडतंय."

"हं. पूरक चालू असेल."

पूरक काय ते मला ढोबळ माहीत होतं, त्या दिवशी नीट कळलं. पट्टीच्या आत तांदळाएवढा प्रेषक असतो. त्याला बॅटरी नाही. पाखराच्या अंगाची ऊब आणि पंखांची हालचाल यांतून होणारी वीज त्याला पुरते. त्यावर तो ठोके, चरबी आणि ठिकाण मोजून उपग्रहाला कळवतो. वाटेत उपग्रह डोक्यावर नसला किंवा वादळ असलं तर निरोप तुटतो आणि पाटी कोरी दिसते. कोरी पाटी लोकांना सोसत नाही. म्हणून प्रत्येक पाखराच्या आधीच्या वर्षांच्या नोंदींवरून यंत्र अंदाज बांधतं, की या वेळी हे पाखरू कुठे असेल, किती दमलं असेल. निरोप तुटला की तो अंदाज पाटीवर येतो. आधी पूरक काही मिनिटं भरायचं, मग काही तास, मग कितीही. अंदाज इतका अचूक येई की निरोप पुन्हा जुळला तरी बघणाऱ्याला सांधा दिसत नसे.

"आणि पाखरू मेलं तर?"

"अंग थंड पडतं, वीज थांबते, निरोप थांबतो. पूरक सुरू होतं."

"म्हणजे गप्प आणि मेलेलं यांत यंत्राला फरक कळत नाही."

"नाही."

"शिकवायचं राहिलं की शिकवलं नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्या वर्षी शिकवलं होतं, सुगंधाताई. पाटीवर 'मृत' असं यायचं. ज्या घरांत ते आलं त्यांतल्या बहुतेकांनी पाटी उतरवून माळ्यावर टाकली. मुलं जेवेनात. आया फोन करून आम्हाला शिव्या द्यायच्या. पन्नास वर्षं आम्ही फलक लावले, शाळाशाळांतून भाषणं दिली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. आज लाखो माणसं या पाखरांवर माया करतात. ती तुटू द्यायची?"

"माया कुणावर, सर? त्या अंदाजावर?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि मला दिवे आठवले. माघापासून गावातल्या सगळ्या पाट्यांवर पिवळा दिवा होता. पिवळा म्हणजे चरबी कमी, पाखरू उडायला तयार नाही. उडण्याआधी खुबेकरणीला वजन जवळजवळ दुप्पट करावं लागतं. मी रोज काळजीच्या सुरात ते सांगत होते. मग एकेक दिवा हिरवा होत गेला. मी आनंदाने अभिनंदन केलं, गावाने पेढे वाटले आणि पाठवणीची तयारी झाली. गाळ तेव्हाच पुळणीच्या खालच्या टोकाला, बायका जात नाहीत तिथे, पडायला लागला असणार आणि रिकाम्या दिवसांत सगळीकडे पसरला. पाखरं उपाशी मरत होती, आणि एक मेलं की यंत्र त्याच्या जागी गेल्या चांगल्या वर्षांचं धष्टपुष्ट पाखरू ठेवत होतं. दिवा हिरवा होत होता तो मरणाने. आम्ही हळदकुंकू लावून पाठवलं ते कुणाला, हे मी सरांना विचारलं नाही.

"बंदराच्या परवान्यात आपलेच आकडे जोडलेत ना?" मी विचारलं.

"हो. पक्ष्यांची हानी शून्य." ते हळू बोलत होते. "आज तुम्ही वेगळं बोललात तर अभियान खोटं ठरेल. मग उरलेल्या पाखरांच्या मागे कोण उभं राहील? हंगाम संपू द्या. मी स्वतः एकेक पाखरू 'संपर्काबाहेर' दाखवत बंद करतो, कुणाला धक्का न देता. आजची संहिता पाठवली आहे. पोचल्याची बातमी आहे."

"उरलेली पाखरं पल्याडच्या कडेला आहेत, सर. हंगाम संपेपर्यंत ती कडाही बुजेल. त्यांना खायला अजून पंधरवडा तरी लागेल आणि बार्ज दर भरतीला येतो."

"वाचा, सुगंधाताई. माझ्यासाठी."

मी पडदा मिटला. गावात वरच्या अंगाला काही घरांचे दिवे अजून पिवळेच होते. त्या घरच्या बायका शरमेने मान खाली घालून होत्या, आपल्या पाहुणीला धड खाऊपिऊ घालता आलं नाही म्हणून. त्यांचीच पाखरं तेवढी जिवंत होती.

पाणी चढायच्या आत मी, वयनी आणि शेजारची सत्यभामा पेडणेकर पुळणीवर गेलो. सत्यभामा यायला तयार नव्हती. बातमी आल्याशिवाय पाय ठेवला तर पाखरांना वाटेत काही होईल असं तिचं म्हणणं होतं. वयनीने तिला फक्त एवढंच सांगितलं, "व्हयाचा ता झाला, सत्ये. चल." गाळाला बंदरातल्या तेलाचा वास येत होता. आम्ही वाकून पाखरं उचलली. सत्यभामाला तिची स्वतःची सापडली तेव्हा तिने पट्टी पदराने पुसली आणि दोनदा वाचली. मग टोपलीत न ठेवता हातातच घेऊन चालू लागली. मी पल्याडच्या कडेला पाहिलं. तिथे मूठभर खुबेकरणी चोच खुपसून चरत होत्या. माणसं दिसली तरी उडाल्या नाहीत, इतक्या भुकेल्या होत्या.

दिवेलागणीला मी माइकपुढे बसले. संहिता समोर होती. मी ती उलटी घालून ठेवली.

"नमस्कार. मिठबांदच्या मोंडकरांची खुबेकरीण गेली. ती कुठेही पोचलेली नाही, खुब्यांच्या पुळणीवर गाळात उपाशी मेली. ज्यांच्या पाटीवर हिरवा दिवा आहे त्यांनी भिंतीवर विश्वास ठेवू नका, आपापल्या किनाऱ्यावर जाऊन..."

माझं वाक्य तोडून समोरच्या पाटीतून माझाच आवाज आला. "अभिनंदन! आपल्या लाडक्या पाहुण्या सुखरूप पोचल्या आहेत. आता निश्चिंत मनाने घराचा केर काढा." मी बोलत होते आणि पाटीतली मीही बोलत होते. मी आजारी पडले तर असावं म्हणून माझ्या आवाजाचंही पूरक करून ठेवलं होतं, त्यावर सही मीच केली होती. गप्प झालेलं पाखरू आणि गप्प केलेली बाई, दोघांची सोय एकच. ती बया माझ्यापेक्षा गोड बोलत होती. मी माइक बंद केला आणि जिना उतरले.

वाडीत घराघरातून माझा आवाज येत होता आणि घराघरात केरसुण्या चालू झाल्या होत्या. दारादारातून केर बाहेर येत होता. वयनी टोपली घेऊन वाटेच्या मधोमध उभी होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि ओरडले.

"मी हय आसंय. भिंतीत बोलता ती मी न्हय. भायर या. टोपलीत बघा, आपापली पट्टी वाचा."

लोक आले. केरसुणी हातात तशीच. एकदा माझ्या तोंडाकडे बघत, एकदा आतल्या पाटीकडे. कुणी म्हणालं, आधी वेगळंच बोलली, मग अभिनंदन केलं, सुगंधाचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं अभियानवाल्यांशी वाद झाला असेल. माझ्या जन्मगावात, माझ्याच आवाजापुढे माझं कुणी ऐकेना. एवढा अपमान मला नवऱ्याच्या घरीही वाटला नव्हता.

मग सत्यभामा पुढे आली. तिने हातातलं पाखरू आपल्याच दारात, काढलेल्या केराच्या शेजारी ठेवलं, आणि आत जाऊन भिंतीवरची पाटी काढून आणली. पाटीतली खुबेकरीण उडतच होती. तिने पाटी पाखराच्या बाजूला टेकवून ठेवली, पट्टीशी पट्टी लावून, आणि ती बाजूला झाली. माणसं वाकून बघायला लागली. मग एकेक हात टोपलीत गेला. वाटेवर बोलणं हळूहळू थांबलं. फक्त माझा आवाज भिंतींतून अभिनंदन करत राहिला, तोही मग एकेका घरातून बंद झाला.

बाबलदादा सगळ्यात शेवटी आला. त्याच्या हातात आमची खुबेकरीण होती, नव्या पंच्यात गुंडाळलेली.

"बार्ज लवकर परत येय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, सगळ्यांना. "खोल दर्यात जावन इतक्या लवकर कोण येना नाय. माका ता पयल्याच दिवशी कळला होता. मी बोललंय नाय."

ज्यांच्या होड्या त्याच्याबरोबर जात त्यांनी माना खाली घातल्या.

"ही आमची चेडवा," दादा पुढे म्हणाला. "आपणच म्हटला ना माहेरवाशीण? ओटी भरली, पाठवणी केली. मगे आता मागे सरूचा नाय. लगीन झालल्या चेडवाचा माहेरी तीन दिस सुतक. आमच्या घरात आजपासून सुतक आसा."

किनाऱ्यावरच्या एका घरात सुतक असलं की वाडीतली एकही होडी पाण्यात ढकलायची नाही, हा आमच्याकडचा जुना दंडक. माणसासाठी तो कायम पाळलाय. पाखरासाठी कुणी पाळलेला नव्हता. दादा पाखरू वयनीकडे देऊन सरळ खाली गेला, स्वतःच्या होडीला खांदा लावला आणि ती ओढून माडांच्या मुळापर्यंत वर घेतली. एकट्याने ओढवेना. मग दुसऱ्याने हात लावला, तिसऱ्याने लावला. काळोख पडायच्या आत सगळ्या होड्या वर होत्या.

सकाळी भरतीला बार्जचा भोंगा वाजला. खाडीच्या मधोमध उभा राहून तो वाजवत राहिला. वाट दाखवायला कुणी गेलं नाही, आणि आमच्या वाळूत एकट्याने शिरायची त्याची छाती झाली नाही. माझ्या फोनवर सरांचा निरोप होता, मला कामावरून कमी केल्याचा. त्याच्याखाली अनोळखी किनाऱ्यांवरून आलेले फोटो होते. चिखल, टोपल्या, पिवळ्या पट्ट्या. पाटीतल्या त्या गोडबोलीने तोंड उघडायच्या आधी माझी दोनतीन वाक्यं निसटली होती, तेवढ्यावर लोक आपापल्या पुळणीवर पाहायला गेले होते. पन्नास वर्षांच्या फलकांनी हे केलं नव्हतं. मला नोकरी गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं. मी चहा गाळला आणि सगळ्यांना दिला.

थोड्या वेळाने जीप आली. बंदराचा साहेब उतरला, तरुण होता, बुटांना गाळ लागू नये म्हणून जपून पावलं टाकत आला. दादा सुतकातला, म्हणून ओटीच्या कडेला चटईवर वेगळा बसला होता.

"हा संप आहे का?" साहेबाने विचारलं.

"संप खंयचो? सुतक आसा," दादा म्हणाला.

"कुणाचं?"

दादाने ओटीच्या भिंतीशी पाखरासाठी मांडलेल्या पणतीकडे बोट केलं. साहेबाला काही उमगलं नाही, पण सुतकावर गुन्हा दाखल होत नाही एवढं त्याला उमगलं.

"किती दिवस?"

"तीन."

साहेबाचा चेहरा जरा सैल झाला. "ठीक आहे. मग परवानंतर बार्ज सोडू."

"आमचा परवा सुटतला," दादा म्हणाला. "पण वाडयेत पुष्कळ घरांची पाखरा अजून गाळात गावूची आसत. शोधूक रोज एकच घर जातला, असा काल ठरला. ज्या दिवशी ज्येका गावली, त्या दिवसापासून तेच्या घरात तीन दिस."

"असं कसं? सगळी मेली आहेत ना? मग एकदमच मोजा."

वरच्या अंगाच्या घरांतले पिवळे दिवे आमच्या ओटीवरून दिसतात. पल्याडच्या कडेला त्यांची पाखरं चरत होती. मी साहेबाला तिकडे बघायला सांगितलं नाही. वयनी दारातून बाहेर आली आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली,

"सुतक कळल्यापासून मोजतत, साहेब. आणि आमच्या वाडयेत बातमी सावकाश कळता."